डायजेस्टर आंबण्याआधी: ईटीपीवर नव्याने आलेल्यांसाठी व्हीएफएची ओळख

ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर, रुजू झालेल्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी पीएच मीटर दिला जातो आणि सांगितलं जातं, "डायजेस्टरचा पीएच सातच्या आसपास राहू दे, बाकीचं फार बघू नको." मलाही असंच सांगितलं होतं. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्या अर्धवटपणापायी माझे एकदा पाच आठवडे गेले आहेत. डायजेस्टर, म्हणजे जिवाणू सांडपाण्यातली घाण मोडून गॅस करतात ती बिनहवेची टाकी, बिघडायला लागला की पीएच सर्वांत शेवटी हलतो. त्याच्या दोन-तीन दिवस आधी, कधी आठवडाभर आधी, आतल्या पाण्यात व्हीएफए, म्हणजे आंबताना तयार होणारी लहान आम्लं, चढलेली असते. ती मोजायला एक ब्युरेट (थेंब-थेंब मोजून सोडायची काचेची नळी), एक पीएच मीटर आणि अर्धा तास लागतो, बस.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे डेअरी, केळीचे वेफर्स, फळांचा पल्प, वाळवलेला कांदा, स्टार्च, डिस्टिलरी असे जे कारखाने आहेत, त्यांचं पाणी साखरेचं किंवा पिठाचं असतं. असं पाणी झपाट्याने आंबतं आणि त्यात स्वतःची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, फारशी नसते. म्हणून आपल्याकडे ईटीपीवर येणाऱ्या मुलामुलींनी व्हीएफए पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

पहिली पायरी: नाकाने ओळखा

व्हीएफए म्हणजे व्होलाटाइल फॅटी ॲसिड्स. पुस्तकात 'बाष्पशील मेदाम्ले' लिहितात, पण प्लांटवर तुम्हाला हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकू येणार नाही. दोन ते सहा कार्बन अणूंची ही लहान आम्लं. ॲसेटिक तर घराघरात आहे, व्हिनेगरचा वास तोच. प्रोपिओनिक त्याहून उग्र, नाकात चढणारं. ब्युटिरिकचा वास खवट लोण्याचा. ज्यांच्या घरी मुरघास करतात त्यांना तो लगेच कळेल: खड्ड्यात हवा किंवा पाणी शिरून मुरघास बिघडला की प्लॅस्टिक उघडताच जी घाण सुटते, ती ब्युटिरिकची. व्हॅलेरिक म्हणजे दिवसभर बुटात राहिलेले मोजे.

आपल्या बायाबापड्यांना आंबण्याचं हे शास्त्र हाताने येतं. बिबड्यांसाठी ज्वारी दोन-तीन दिवस भिजत घालतात, तेव्हा घरभर आंबूस वास असतो. तो मुख्यतः लॅक्टिक आम्लाचा. लॅक्टिक व्हीएफएमध्ये मोडत नाही, पण डायजेस्टरमध्ये शिरलं की त्याचं लगेच ॲसेटिक आणि प्रोपिओनिक होतं. डेअरीच्या पाण्याची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

रोज सकाळी राउंडला इक्वलायझेशन टँकजवळ (येणारं पाणी साठवून एकसारखं करायची टाकी) आणि डायजेस्टरच्या आउटलेटजवळ थांबा. वाकून, तोंड आत घालून वास घेऊ नका, का ते शेवटी सांगतो. वाऱ्याच्या बाजूला उभं राहून जेवढा येईल तेवढाच पुरे. कालच्यापेक्षा वेगळा वाटला तर वहीत लिहा.

दुसरी पायरी: आत काय चाललंय ते समजून घ्या

डायजेस्टर म्हणजे गाईचं पोट, हे रूपक मी नुसतं समजावण्यापुरतं वापरत नाही. गाय कडबा खाते, पण तिला ताकद मिळते ती मुख्यतः कोठीपोटातल्या जिवाणूंनी त्या कडब्यापासून बनवलेल्या व्हीएफएतून. गाय ती आम्लं रक्तात शोषून घेते. डायजेस्टरला रक्त नाही, म्हणून तिथे दुसरे जिवाणू ती खातात आणि मिथेन सोडतात.

काम चार टप्प्यांत चालतं. आधी मोठे रेणू फुटतात: स्टार्चची साखर, प्रथिनांची अमिनो आम्लं. मग आम्ल करणारे जिवाणू त्यांच्यापासून व्हीएफए बनवतात. तिसऱ्या टप्प्यात प्रोपिओनिक आणि ब्युटिरिकचं ॲसेटिक आणि हायड्रोजन होतं. चौथ्यात मिथेन करणारे सूक्ष्मजीव ॲसेटिक आणि हायड्रोजन संपवतात. निघणाऱ्या मिथेनपैकी साधारण ७० टक्के मिथेन ॲसेटिकमधून येतो.

सगळी गोम वेगात आहे. आम्ल करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. मिथेनवाल्यांना दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत लागतो. आम्लवाले पीएच ५.५ वरही मजेत जगतात. मिथेनवाल्यांना ६.८ ते ७.४ लागतो आणि ६.५ च्या खाली ते हात टेकतात. एकदम जास्त माल आला की आम्लवाली टोळी ढीग लावते आणि मिथेनवाली तो उचलू शकत नाही. तो साठलेला ढीग म्हणजे वाढलेली व्हीएफए.

त्यातही प्रोपिओनिक आधी साठतं. ते मोडायचं तर पाण्यात विरघळलेला हायड्रोजन अगदी नगण्य असावा लागतो. मिथेनवाले जरा सुस्तावले की हायड्रोजन साचतो आणि प्रोपिओनिकचं मोडणं थांबतं. प्रयोगशाळेत आम्लं वेगवेगळी मोजण्याची सोय असेल, तर एकूण आकड्यापेक्षा प्रोपिओनिककडे लक्ष ठेवा.

मग पीएच का हलत नाही? कारण पाण्यात बायकार्बोनेट असतं. आम्ल येईल तसं ते खर्ची पडतं आणि पीएच धरून ठेवतं. घरातली शिल्लक संपेपर्यंत बाहेरच्याला कळत नाही की घर अडचणीत आहे, तसं. शिल्लक संपली की पीएच एका रात्रीत कोसळतो. पुढचं गणित वाईट आहे. पीएच ७ ला ॲसेटिकचा एक टक्काही भाग न विघटलेल्या रूपात नसतो. ६ ला तो पाच टक्क्यांवर जातो, ५ ला छत्तीसच्या पुढे. हेच न विघटलेलं आम्ल पेशीच्या आवरणातून आत शिरतं आणि मिथेनवाल्यांना मारतं. पीएच जितका खाली, तितकं तेच आम्ल जास्त विषारी.

पोळ्याच्या सुट्टीतली गोष्ट सांगतो. मी तेव्हा पनीर करणाऱ्या एका डेअरीच्या ईटीपीवर होतो. सुट्टीच्या आदल्या रात्री पनीरचं निवळ, म्हणजे व्हे, साठवायची टाकी भरली आणि कोणीतरी ती सरळ गटारात मोकळी केली. निवळाचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण मोडायला लागणारा प्राणवायू, लिटरला साठ-सत्तर हजार मिलिग्रॅम असतो. सकाळी पीएच ७.१, गॅस तर नेहमीपेक्षा जास्तच. पारोळ्याकडचा आमचा ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, आज वास येगळाच ई ऱ्हायना." मी मीटर बघितला आणि त्याचं म्हणणं सोडून दिलं. व्हीएफए आम्ही आठवड्यातून एकदा, सोमवारी करायचो. चौथ्या दिवशी फ्लेअरची (गॅस जाळायच्या नळीची) ज्योत थरथरून विझायला लागली, पीएच ६.४. पहिल्या दिवशी वाढलेला तो गॅस बराचसा कार्बन डायऑक्साइड होता, हे मला मागून कळलं. त्या पहिल्याच सकाळी टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटने आम्ल सोडून मोजणी, केली असती तर निम्मं नुकसान टळलं असतं.

तिसरी पायरी: मोजा

व्हीएफए नेमकी मोजायची तर ऊर्ध्वपातन किंवा गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. रोजच्या कामाला दोन टप्प्यांचं टायट्रेशन चालतं. नॉर्डमन पद्धत या नावाने ती ओळखली जाते. त्यात एकाच नमुन्यातून व्हीएफए आणि अल्कलिनिटी दोन्ही मिळतात.

०.१ नॉर्मल गंधकाम्ल तयार ठेवा. एक लिटर पाण्याला २.८ मिली तीव्र आम्ल लागतं. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात आम्ल हळूहळू सोडायचं, उलट कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे घालूनच. मग सोडियम कार्बोनेटवर त्याची खरी नॉर्मॅलिटी तपासून बाटलीवर तारखेसह लिहा. पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरवर रोज जुळवून घ्या. इथे आळस केला तर पुढचं सगळं वाया जातं.

नमुना रोज त्याच ठिकाणाहून, त्याच वेळी घ्या. नळीत आधीचं साचलेलं पाणी असतं, म्हणून पहिलं लिटर-दोन लिटर सोडून द्या. नमुना आणला की तासाभरात काम उरका. बाटलीतले जिवाणू थांबत नाहीत आणि कार्बन डायऑक्साइड उडत राहतो. गाळ राहिला तर आकडा चुकतो, तेव्हा गाळून किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या.

बीकरमध्ये गाळलेला २० मिली नमुना घ्या, स्टररवर ठेवा, सुरुवातीचा पीएच टिपा. ब्युरेटमधून आम्ल सोडत पीएच ५.० वर आणा. लागलेलं आम्ल म्हणजे 'अ'. थांबू नका, आणखी सोडत ४.४ वर आणा. ५.० पासून ४.४ पर्यंत जेवढं जास्तीचं लागलं ते 'ब'. नवे लोक इथेच चुकतात. ते ब्युरेटवरचा एकूण आकडाच 'ब' म्हणून लिहितात आणि व्हीएफए भलतीच येते. दुसऱ्या टप्प्यात थेंब-थेंब सोडा, कारण 'ब' एक-दीड मिलीच असतो आणि दोन थेंबांनी फरक पडतो.

अल्कलिनिटी = अ × २५०. उत्तर लिटरला मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात.
व्हीएफए = (ब × १.६६ − ०.१५) × ५००. उत्तर लिटरला मिलिग्रॅम, ॲसेटिकच्या हिशोबात.

समजा अ आला ९.६ आणि ब १.१. अल्कलिनिटी २४०० झाली, व्हीएफए ८३८. व्हीएफएला अल्कलिनिटीने भागलं की गुणोत्तर ०.३५. चार दिवसांनी अ ६.४ आणि ब १.९ आला, तर अल्कलिनिटी १६००, व्हीएफए १५०२, गुणोत्तर ०.९४. दोन्ही बाजूंनी कसं आवळलं गेलं बघा: आम्ल वाढलं आणि शिल्लकही घटली. म्हणून नुसती व्हीएफए बघून भागत नाही. ८०० व्हीएफए एखाद्या डायजेस्टरला सहज पचते, तर दुसऱ्याला ४०० सुद्धा जड जाते.

या सूत्रांत २० मिली नमुना आणि ०.१ नॉर्मल आम्ल गृहीत आहे. तुमच्या प्लांटवर आम्ल घालून उकळण्याची दुसरी पद्धत चालत असेल तर तीच चालू द्या, पण दोन्ही पद्धतींचे आकडे एकाच तक्त्यात मिसळू नका.

चौथी पायरी: आकडा वाचा

गुणोत्तर ०.३ च्या खाली असेल तर डायजेस्टर निवांत आहे. ०.३ ते ०.४ मध्ये सावध राहा, सलग दोन दिवस चढत असेल तर कारण शोधा. ०.५ ओलांडलं की फीड, म्हणजे डायजेस्टरला जाणारं पाणी, कमी करा, परवानगीसाठी संध्याकाळची वाट बघू नका. ०.८ च्या वर गेलं तर फीड बंद.

हे टप्पे सर्वसाधारण आहेत. माझा भर तुमच्या स्वतःच्या डायजेस्टरच्या रोजच्या आकड्यावर आहे. कायम ०.१८ वर राहणारा डायजेस्टर ०.२८ वर आला, तर तक्त्यानुसार तो ठीक आहे, पण मी त्या दिवशी उत्पादन विभागात जाऊन काय सोडलं ते विचारेन.

पाचवी पायरी: चढला तर काय करायचं

आधी फीड निम्मं करा किंवा थांबवा. बाकी सगळं त्यानंतर. इक्वलायझेशन टँकमध्ये जागा नसेल तर उत्पादनाशी बोलावंच लागेल. नव्या माणसाला हे जड जातं, पण वहीतले सलग सात दिवसांचे आकडे समोर ठेवले की कोणी वाद घालत नाही. रिसर्क्युलेशन (आतलंच पाणी फिरवणं) मात्र चालू ठेवा.

मग अल्कलिनिटी भरा. गाईने धान्याच्या ढिगावर ताव मारला आणि पोटात आम्ल वाढलं, तर डॉक्टर खाण्याचा सोडा देतात. इथेही तोच: सोडियम बायकार्बोनेट. अल्कलिनिटी लिटरमागे १ मिलिग्रॅमने वाढवायला १.६८ मिलिग्रॅम सोडा लागतो. १०० घनमीटरच्या डायजेस्टरमध्ये ५०० ने वाढवायची तर ८४ किलो. एकदम ओतू नका. पाण्यात विरघळवून तीन-चार दिवसांत विभागून द्या आणि रोज मोजा. सोडियम लिटरला साडेतीन हजार मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की तेच जिवाणूंना त्रास देऊ लागतं, तेव्हा सोडा म्हणजे रोजचं खाणं होता कामा नये.

चुना स्वस्त आहे आणि प्रत्येक गोदामात पडलेला असतो, म्हणून हात आधी तिकडे जातो. चुना गॅसमधला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. बंद डोममध्ये त्याने निर्वात तयार होतो, आणि व्हॅक्यूम व्हॉल्व अडकलेला असेल तर छत आत दबू शकतं किंवा बाहेरची हवा आत ओढली जाते. शिवाय पीएच ६.७ च्या पुढे गेला की चुन्याचा खडू होऊन तळाशी बसतो. मी चुना फक्त इक्वलायझेशन टँकमध्ये वापरतो, डायजेस्टरमध्ये नाही.

"शेण टाका" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. गावातल्या गोबरगॅसला ते ठीक आहे. यूएएसबीमध्ये, म्हणजे पाणी खालून वर चढवणाऱ्या डायजेस्टरमध्ये, शेणातला कडबा-भुसा वितरणाच्या नळ्या तुंबवतो. त्यापेक्षा शेजारच्या एखाद्या चांगल्या चाललेल्या डायजेस्टरचा स्लज (जिवाणूंचा गाळ) टँकरने आणा. त्यात तुम्हाला हवे असलेले जिवाणू कितीतरी जास्त असतात.

गुणोत्तर ०.३ च्या खाली येऊन दोन-तीन दिवस टिकलं की एक चतुर्थांश भारापासून सुरू करा आणि दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा टक्के वाढवा. माझे पाच आठवडे यातच गेले, कारण दुसऱ्या आठवड्यात घाई करून मी भार एकदम दुप्पट केला होता.

डायजेस्टरबाहेर काय होतं

व्हीएफए घेऊन पाणी पुढे एरेशन टँकमध्ये (हवा फुंकायच्या टाकीत) गेलं, तर तिथे धाग्यासारखे जिवाणू माजतात. स्लज कापसासारखा फुगतो आणि क्लॅरिफायरमध्ये (गाळ बसवायच्या टाकीत) बसत नाही. लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या तासाने स्लज ८००-९०० मिलीवरच राहिला, तर ब्लोअरला दोष देण्याआधी डायजेस्टरचा आउटलेट तपासा. काँक्रीटही झिजतं. झाकलेल्या चेंबरची आतली बाजू टॉर्च मारून बघा, वाळू मोकळी झालेली दिसेल.

नदीचं गणित मला सर्वांत जास्त बोचतं. एक ग्रॅम ॲसेटिक मोडायला १.०७ ग्रॅम प्राणवायू लागतो, प्रोपिओनिकला १.५१, ब्युटिरिकला १.८२. लिटरला १५०० मिलिग्रॅम ॲसेटिक असलेलं एक घनमीटर पाणी म्हणजे १.६ किलो प्राणवायूची भूक. ३० अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. म्हणजे तेवढं एक घनमीटर दोनशेहून जास्त घनमीटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकतं. चैत्र-वैशाखात गिरणा आणि पांझरा डोहाडोहांत उरलेल्या असतात. तिथल्या माशांना पळायला जागा नसते.

शेतात सोडलं तरी निभत नाही. आम्लाच्या पाण्याने बी उगवत नाही, कोवळी मुळं करपतात. हवेशीर जमिनीत जिवाणू ही आम्लं काही दिवसांत संपवतात, पण आपल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की हवा शिरत नाही आणि त्रास लांबतो. परवान्यात व्हीएफएचा आकडा बहुधा नसतो. सर्वसाधारण मर्यादा लिटरला मिलिग्रॅममध्ये बीओडी (जिवाणूंना घाण मोडायला लागणारा प्राणवायू) ३० आणि सीओडी २५०, तर पीएच ५.५ ते ९ अशी असते. तुमच्या कन्सेंटमधला आकडा वाचून भिंतीवर लावा. व्हीएफए चढली की सीओडी आपोआप चढतो.

एक उलटी बाजूही आहे. शहराच्या सांडपाण्यातून फॉस्फरस जिवाणूंकरवी काढणाऱ्या प्लांटना व्हीएफए हवी असते. ते जिवाणू बिनहवेच्या टाकीत ॲसेटिक खाऊन साठवतात आणि हवेच्या टाकीत गेल्यावर फॉस्फरस भरभरून शोषतात. असे प्लांट मुद्दाम स्लज आंबवून व्हीएफए तयार करतात. तुम्ही पुढे अशा ठिकाणी गेलात तर इथे शिकलेलं टायट्रेशन तिथेही कामी येईल.

आपल्या हवेचं आणि जिवाचं

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत जातो आणि थंडीत रात्री दहाच्या खाली उतरतो. डायजेस्टरमधल्या जिवाणूंना ३५ ते ३७ अंश मानवतात. उघड्यावरच्या डायजेस्टरचा वेग डिसेंबर-जानेवारीत मंदावतो, आणि कांद्याचा किंवा उसाचा हंगाम नेमका तेव्हाच जोरात असतो. दिवाळीनंतर टायट्रेशन रोज करा, एक दिवसाआड नको. आतलं तापमान एका दिवसात दोन अंशांहून जास्त हलू देऊ नका.

वाकून वास घेऊ नका असं वर म्हटलं, त्याचं कारण हायड्रोजन सल्फाइड. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण शंभर पीपीएमच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि गॅस गेला असं वाटतं. तेव्हाच तो सर्वांत धोक्याचा असतो. टाकीत, चेंबरमध्ये, गॅस होल्डरजवळच्या खड्ड्यात गॅस डिटेक्टर, ब्लोअर, दोरी आणि बाहेर उभा माणूस असल्याशिवाय कोणीही उतरायचं नाही, कितीही अनुभवी असला तरी. आत कोणी पडला तर त्याच्यामागे उडी मारू नका. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असताना पेट घेतो, म्हणून नमुन्याच्या नळाजवळ बिडी, मोबाइल, ठिणगी काही नको.

पहिल्या पंधरा दिवसांसाठी वहीत हे रकाने आखून घ्या: तारीख, वेळ, नमुन्याची जागा, तापमान, पीएच, अ, ब, अल्कलिनिटी, व्हीएफए, गुणोत्तर, गॅसचं माप, फीड किती घनमीटर, आणि शेवटी एक मोठा रकाना 'वास' म्हणून. त्यात ऑपरेटर जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहा.